हसलर कॅसिनो लाइव्ह : प्रेक्षकाला दिसणारी पाने आणखी कोणाला दिसतात?

लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना या शहरातील हसलर कॅसिनोतून यूट्यूबवर प्रक्षेपित होणारा ‘हसलर कॅसिनो लाइव्ह’ हा कार्यक्रम ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झाला आणि वर्षभरातच मोठ्या रकमेच्या पोकरमधील सर्वाधिक चर्चेचा कार्यक्रम बनला. त्याच परिसरात बरीच वर्षे चालत आलेल्या ‘लाइव्ह ॲट द बाइक’ या प्रक्षेपणाचा अनुभव गाठीशी असलेले रायन फेल्डमन आणि त्यांचे भागीदार निक व्हर्टुची यांनी तो उभा केला. पाहण्यासाठी वर्गणी नाही, भाग कित्येक तासांचे असतात, आणि टेबलावर मुरलेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या शेजारी पैसेवाले हौशी खेळाडू बसवलेले असतात. या मिश्रणातच कार्यक्रमाची सारी गंमत आहे. व्यावसायिकांचेच टेबल असेल तर खेळ अचूक आणि नीरस होतो, आणि निव्वळ हौशी मंडळी असतील तर तो नुसता पैशांचा धुरळा होतो. इथे दोन्हींचा मेळ बरा जमला आहे.

करमणूक म्हणून या कार्यक्रमात उणे काढण्यासारखे फारसे नाही. कॅमेरे योग्य जागी आहेत, कोणाकडे कोणती पाने आहेत आणि जिंकण्याची शक्यता किती टक्के आहे हे पडद्यावर स्वच्छ दिसते, आणि समालोचक नवख्या प्रेक्षकालाही प्रत्येक बोलीमागचा विचार उलगडून सांगतात. मे २०२३मध्ये दहा लाख डॉलर घेऊनच टेबलावर बसायचे, अशा अटीचा खेळ त्यांनी भरवला. त्यात टॉम ड्वान यांनी दोन राण्यांवर एक्का-राजा धरून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून सुमारे ३१ लाख डॉलरचा पॉट (डावात जमलेली एकूण रक्कम) जिंकला. अमेरिकेत पडद्यावर दाखवला गेलेला तोवरचा तो सर्वांत मोठा पॉट होता, आणि ड्वान यांनी कॉल करण्यापूर्वी, म्हणजे समोरच्याच्या बोलीइतकी रक्कम घालून डावात टिकण्यापूर्वी, घेतलेला लांबलचक वेळ कोणत्याही कापाकापीविना पाहायला मिळणे हा या प्रकारच्या प्रक्षेपणाचा खरा लाभ आहे.

तरीही अशा कार्यक्रमाचे परीक्षण केवळ चित्रीकरणावर आणि समालोचनावर करता येत नाही. प्रेक्षकाला इथे खेळाडूंची झाकलेली पाने दिसतात, आणि पाने दिसतात म्हणूनच तो तासन्‌तास बसून राहतो. ती पाने प्रेक्षकापर्यंत पोहोचवायची तर आधी कुठल्या तरी यंत्राने ती वाचावी लागतात, आणि त्या यंत्रापासून प्रेक्षकापर्यंतच्या वाटेवर माणसे बसलेली असतात. ती वाट किती बंदिस्त आहे, हा या कार्यक्रमाच्या दर्जाचा पहिला प्रश्न आहे, आणि माझ्या मते सप्टेंबर २०२२पर्यंत तरी निर्मात्यांनी त्याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नव्हते.

झाकलेली पाने प्रेक्षकाला दाखवण्याची युक्ती फार जुनी नाही. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेले हेन्री ऑरेनस्टाइन यांनी टेबलातच कॅमेरा बसवून हातची पाने दाखवण्याच्या रचनेचे पेटंट १९९५मध्ये मिळवले. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवर १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘लेट नाइट पोकर’मध्ये टेबलाला काच बसवून पाने खालून टिपली जात. त्याआधीचे दूरचित्रवाणीवरचे पोकर म्हणजे काही माणसे गंभीर चेहऱ्याने चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) पुढे सरकवताना पाहणे एवढेच होते. पुढे २००६मध्ये जीएसएन वाहिनीवर आलेल्या ‘हाय स्टेक्स पोकर’ने खेळाडूंना किमान एक लाख डॉलर घेऊन बसायला लावले आणि आजच्या साऱ्या कार्यक्रमांचा साचा तयार केला. मात्र त्या पिढीतले बहुतेक कार्यक्रम आधी चित्रित होत, संकलित होत आणि पुष्कळ दिवसांनी दाखवले जात. पान पडद्यावर येईपर्यंत त्या डावाचा पैसा केव्हाच घरी गेलेला असे.

यूट्यूबच्या काळात हे अंतर आक्रसले. आता प्रत्येक पानात रेडिओ लहरींनी वाचता येणारी एक बारीक आरएफआयडी चिप असते, प्रत्येक खेळाडूसमोर टेबलाच्या कापडाखाली ती वाचणारा अँटेना असतो, आणि पाने त्या जागेवर ठेवली की त्यांची माहिती नियंत्रणकक्षातल्या संगणकावर उमटते. तिथून ती चित्रावर चढवली जाते आणि ठरावीक वेळ रोखून मगच बाहेर सोडली जाते. या रोखून धरण्याला निर्माते सुरक्षिततेचा मुख्य आधार मानतात. पण त्याने अडतो तो घरी बसलेला प्रेक्षक. टेबलावरच्या मित्राला फोनवरून खूण करावी असे त्याच्या मनात आले तरी त्याच्या हाती जुनी माहिती असते. नियंत्रणकक्षात बसलेल्या माणसाला या उशिराचा काहीच अडसर नाही, कारण उशीर त्याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री केंद्रावरच्या कपाटात प्रश्नपत्रिका सीलबंद आहे की उघडी, यावर पेपरफुटीचा सारा संशय ठरतो. विद्यार्थ्यांना ती सकाळी अकरालाच मिळाली, हे त्यावरचे उत्तर होत नाही.

२९ सप्टेंबर २०२२च्या रात्री नेमका हाच प्रश्न उभा राहिला. कार्यक्रमाचे सर्वांत लोकप्रिय आणि मोठी कमाई केलेले खेळाडू गॅरेट ॲडलस्टीन यांच्यासमोर तुलनेने नवख्या रॉबी जेड लू बसल्या होत्या. ॲडलस्टीन यांच्या हाती किल्वर अठ्ठी आणि किल्वर सत्ती होती. लू यांच्या हाती किल्वर गुलाम आणि बदाम चव्वी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या पाच पानांपैकी पहिल्या तिनांत, बदाम दश्शी, किल्वर दश्शी आणि किल्वर नव्वी आली, म्हणजे ॲडलस्टीन यांना सलग पानांची आणि एकाच रंगाची, अशा दोन्ही आशा एकदम निर्माण झाल्या. टर्नला, म्हणजे चौथे पान म्हणून, बदाम तिर्री पडली. तिने कोणाचेच काही सुधारले नाही. ॲडलस्टीन यांनी १०,००० डॉलर लावले, लू यांनी ते २०,००० केले, ॲडलस्टीन यांनी सगळेच पुढे ढकलले, आणि बराच वेळ विचार करून लू यांनी हाती जोडीसुद्धा नसताना उरलेले १,०९,००० डॉलर घालून कॉल केला. पॉट २,६९,००० डॉलरचा झाला. शेवटचे पान दोनदा, प्रत्येक वेळी निम्म्या पॉटसाठी, काढायचे ठरले. एकदा चौकट नव्वी आली, दुसऱ्यांदा इस्पिक एक्का, आणि दोन्ही वेळा लू जिंकल्या.

या डावाने संशय का पेटला हे समजायला थोडे गणित करावे लागते. दोघांची पाने आणि टेबलावरची चार पाने वगळली की ४४ पाने उरतात. त्यांपैकी ॲडलस्टीन यांना जिंकवणारी वीस होती : आठ किल्वर, आणि किल्वर सोडून तीन छक्क्या, तीन गुलाम, तीन अठ्ठ्या, तीन सत्त्या. उरलेली चोवीस पाने लू यांच्या बाजूची होती. म्हणजे लू साधारण ५४ टक्क्यांनी पुढे होत्या, आणि १,०९,००० घालून २,६९,००० मिळवण्यासाठी त्यांना ४१ टक्क्यांहून कमी शक्यता पुरेशी होती. दोन्ही बाजूंची पाने दिसत असतील तर हा कॉल बरोबर आहे. ती दिसत नसतील तर नुसत्या गुलामावर एवढी रक्कम लावण्याला पोकरमध्ये कोणतेच समर्थन नाही, कारण समोरचा ब्लफ करत असला, म्हणजे हाती काही नसताना बोली लावून घाबरवत असला, तरी त्याच्या बऱ्याचशा पानांपुढे गुलाम हरतो. ॲडलस्टीन यांच्या चेहऱ्यावर त्या रात्री जे दिसले ते या गणितातून आलेले होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. ज्याला समोरच्याची पाने खरोखर दिसतात, त्याच्यासाठी संध्याकाळभरात याहून सोपे आणि कमी डोळ्यांत भरणारे डाव कितीतरी येतात; त्याने जवळजवळ नाणेफेकीसारख्या स्थितीत, कॅमेऱ्यांसमोर, समजावून सांगता येणार नाही असा कॉल का करावा? लू यांनी आधी टेबलावर समोरचा ब्लफ करतो आहे असे वाटल्याचे सांगितले, आणि नंतर आपल्या हाती चव्वीऐवजी तिर्री आहे, म्हणजे टर्नला जोडी लागली आहे, असा समज झाल्याचे सांगितले. हे स्पष्टीकरण टर्नवर त्यांनी वाढवलेल्या बोलीशी जुळते, एवढे तरी मान्य करावे लागते. पुढे त्यांनी पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची) चाचणीही करवून घेतली. पॉलिग्राफवर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही, पण चाचणीला बसण्याची तयारी दाखवणे ही गोष्ट वेगळी आहे.

डावानंतर जे घडले त्यात कार्यक्रमाच्या व्यवस्थापनाची कच्ची बाजू उघडी पडली. खेळ चालू असतानाच दोघांचे टेबलापासून दूर बोलणे झाले आणि लू यांनी ॲडलस्टीन यांना १,३५,००० डॉलर परत दिले. ॲडलस्टीन यांच्या म्हणण्यानुसार ती रक्कम देऊ केली गेली, लू यांच्या म्हणण्यानुसार ती दबावाखाली द्यावी लागली. कोणाचे खरे यात मी शिरत नाही. मात्र लाखाहून अधिक डॉलरच्या वादात दोन खेळाडूंनी आपापसांत तडजोड करावी आणि ते थांबवून चिप्स तिथेच गोठवण्याचा अधिकार असलेले कोणी पुढे येऊ नये, हे अशा दर्जाच्या खेळाला न शोभणारे आहे. साध्या क्लबातल्या रमीच्या टेबलावरही तंटा झाला तर डाव थांबवणारा कोणी ज्येष्ठ माणूस असतो.

ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्या रात्रीचा खेळ संपल्यावर निर्मिती संस्थेच्याच एका कर्मचाऱ्याने लू यांच्या चिप्समधून १५,००० डॉलरच्या चिप्स उचलल्याचे चित्रणात दिसले. त्याला काढून टाकण्यात आले. लू यांनी आधी तक्रार करण्यास नकार दिला आणि नंतर तो निर्णय बदलला, त्यामुळे संशयाला नवे धुमारे फुटले. चोरी आणि डाव यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि तो असलाच पाहिजे असेही नाही. पण खेळाडूंची पाने जिथे उमटतात त्या व्यवस्थेच्या अवतीभवती काम करणारा माणूस कॅमेऱ्यांसमोर खेळाडूच्या चिप्सना हात घालू शकतो, एवढ्यावरून त्या घराची राखण किती सैल होती याचा अंदाज बांधता येतो.

निर्मात्यांच्या बाजूने सांगायचे तर त्यांनी प्रकरण दाबले नाही. बाहेरचे वकील, तपास करणारे आणि सायबर सुरक्षेचे जाणकार नेमून चौकशी करवली आणि डिसेंबर २०२२मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. फसवणूक झाल्याचा कोणताही विश्वासार्ह पुरावा सापडला नाही, असा त्यांचा सार होता. त्याबरोबरच सुरक्षेतल्या उणिवा दाखवून सुधारणाही सुचवल्या होत्या. या दोन वाक्यांपैकी पहिले बातम्यांत गाजले. प्रेक्षक म्हणून मला दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते. घराला कुलूपच नव्हते असे आढळल्यावर चोरीचा पुरावा मिळाला नाही हे ऐकून ना मालकाचे समाधान होते, ना शेजाऱ्याची सुटका होते. रॉबी लू निर्दोष असतील (आणि पुरावा नाही, तेव्हा त्यांना तसेच मानले पाहिजे) तर त्यांची सर्वांत मोठी हानी ॲडलस्टीन यांच्या संशयाने झालेली नाही. हातची पाने त्या क्षणी खेळाडूवाचून कोणीच पाहू शकत नव्हते, असे छातीठोक सांगू न शकणाऱ्या व्यवस्थेने ती केली. तसे सांगता आले असते तर तो डाव दुसऱ्याच दिवशी ‘नशीबवान चूक’ म्हणून हसून विसरला गेला असता. चांगली राखण लुबाडल्या जाणाऱ्याइतकीच सुदैवी खेळाडूलाही वाचवते, आणि या कार्यक्रमाने त्या रात्री दोघांपैकी कोणालाच वाचवले नाही.

जाता जाता एक नोंद. त्या रात्री त्याच टेबलावर फिल आयव्हीही बसले होते. लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत २०१२मध्ये पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतील बारीक असमानता हेरून, ठरावीक पाने डीलरकडून फिरवून घेऊन त्यांनी पुन्टो बँको या खेळात ७७ लाख पौंड जिंकले होते. कॅसिनोने ते द्यायला नकार दिला आणि ऑक्टोबर २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोच्या बाजूने निकाल दिला. आपण फसवणूक करत नाही असे आयव्ही यांना मनापासून वाटत होते, हे न्यायालयाने मान्य केले आणि तरीही ती फसवणूकच ठरवली. खेळातली लबाडी करणाऱ्याच्या मनावर ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा कार्यक्रमांच्या निर्मात्यांनीही वाचण्यासारखा आहे.

चौकशीच्या निष्कर्षांतील एका मुद्द्याचे पुढे झाले ते अधिक बोधप्रद आहे. टेबलावर वापरले जाणारे डेकमेट हे पत्ते पिसण्याचे यंत्र सुरक्षित असून त्यात ढवळाढवळ करता येत नाही, असा निर्वाळा अहवालात होता. आयओॲक्टिव्ह या सायबर सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी ते वाक्य आव्हान म्हणून घेतले. ऑगस्ट २०२३मध्ये लास वेगासमधल्या ब्लॅक हॅट परिषदेत त्यांनी डेकमेट-२ या यंत्राच्या उघड्या यूएसबी जागेत एक छोटे उपकरण खोचून त्याचा ताबा घेता येतो हे दाखवून दिले. सगळी पाने हजर आहेत ना हे तपासण्यासाठी या यंत्रात कॅमेरा असतो. तोच कॅमेरा संपूर्ण गठ्ठ्याचा क्रम बाहेर सांगू शकतो. पिसून झाल्यावर डीलरने पत्ते काटले तरी फार फरक पडत नाही, कारण स्वतःची दोन पाने पाहिली की गठ्ठा कुठून काटला हे क्रम ठाऊक असणाऱ्याला कळते. यंत्र टेबलाच्या कडेला, खेळाडूंच्या गुडघ्यांजवळ असते, ही बाब तर आणखी अस्वस्थ करणारी. गार्डिनात असे घडले असे कोणीही म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. पण अहवालातल्या एका ठाम वाक्याला वर्षभरही टिकता आले नाही, तेव्हा बाकीच्या वाक्यांवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी न्यूयॉर्कमध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रात, खासगी पोकर-खेळांत फेरफार केलेली अशीच यंत्रे वापरून श्रीमंत खेळाडूंना लुबाडल्याचा आरोप आहे. ते खेळ पडद्यावरचे नव्हते आणि आरोप अजून आरोपच आहेत, तरी यंत्रावर आंधळा भरवसा ठेवण्याचा काळ संपला, असे त्यातून दिसते.

हसलरच्या बाबतीत नरमाईने लिहावे की कठोरपणे, हे ठरवताना मला त्याच राज्यातले आधीचे प्रकरण आठवते, कारण धडा तिथे आधीच मिळालेला होता. सॅक्रामेंटोजवळच्या सिट्रस हाइट्समधील स्टोन्स गॅम्ब्लिंग हॉलमधून असेच प्रक्षेपण होत असे. टेबल लहान रकमांचे होते, पण पत्त्यांत आरएफआयडी होते आणि प्रक्षेपण उशिराने होत होते. माइक पोसल हे तिथले खेळाडू २०१८च्या उन्हाळ्यापासून इतके सातत्याने जिंकत गेले की त्याच प्रक्षेपणात समालोचन करणाऱ्या आणि स्वतः खेळणाऱ्या व्हेरॉनिका ब्रिल यांनी सप्टेंबर २०१९च्या अखेरीस जाहीरपणे संशय बोलून दाखवला. जुनी चित्रणे तपासणाऱ्यांना पोसल यांची नजर वारंवार मांडीवरच्या फोनकडे जाताना दिसली. प्रतिस्पर्ध्याकडे नेमके काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय करू नये अशा गोष्टी ते करत आणि त्या बहुतेक वेळा बरोबर ठरत. एका डावावरून काही सिद्ध होत नाही, पण शेकडो तासांच्या चित्रणात दिसणारा नमुना ही वेगळ्या वजनाची गोष्ट आहे. लू यांच्याविरुद्ध असा नमुना कधीच दाखवला गेला नाही, आणि ही दोन प्रकरणे एका दावणीला बांधणारे तिथेच घसरतात.

पोसल यांनी आरोप सदैव नाकारले आणि त्यांच्यावर फौजदारी खटलाही झाला नाही. अठ्ठ्याऐंशी खेळाडूंनी दिवाणी दावा केला, पण जून २०२०मध्ये संघीय न्यायाधीश विल्यम शब यांनी पोसल यांच्याविरुद्धचे दावे फेटाळले. पोसल खेळात प्रामाणिक होते असा त्याचा अर्थ नव्हता. जुगारात गेलेल्या पैशांची वसुली कॅलिफोर्नियाचे न्यायालय करून देत नाही, हे त्याचे कारण होते. कॅसिनोबरोबर सप्टेंबरमध्ये तडजोड झाली ती सुमारे ४०,००० डॉलरची, आणि तीही अनेकांत वाटून. त्यानंतर पोसल यांनीच ब्रिल यांच्यासह अनेकांवर ३३ कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला आणि एप्रिल २०२१मध्ये तो मागे घेतला. या साऱ्यातून प्रत्येक प्रक्षेपकाने एक गोष्ट शिकायला हवी होती : न्यायालय मागाहून काही सावरून देत नाही, त्यामुळे जी काही राखण असेल ती डाव वाटण्यापूर्वीच असली पाहिजे. हसलरचा कार्यक्रम या निकालानंतर वर्षभराने सुरू झाला. त्याचे निर्माते याच व्यवसायातले होते. स्टोन्सचे प्रकरण त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही, आणि म्हणूनच २०२२च्या उणिवा मी अननुभवाच्या खात्यात टाकू शकत नाही.

हे दुरुस्त करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पानांची माहिती वाचली जाताच ती सांकेतिक स्वरूपात बंद करता येते आणि ठरलेला वेळ उलटल्यावरच यंत्र ती उघडते. तोवर नियंत्रणकक्षातल्या दिग्दर्शकालाही ती दिसत नाही. दिग्दर्शकाला त्याचा जाच होतो हे खरे, कारण मोठा डाव येतो आहे हे आधी कळले नाही तर कॅमेरा वेळेवर वळवता येत नाही, आणि समालोचकांनाही उशिराने चाललेला खेळ पाहूनच बोलावे लागते. पण चित्राचा थोडा नेमकेपणा गमावून खेळाचा भरवसा मिळत असेल तर तो व्यवहार कोणत्याही दिवशी फायद्याचा आहे. फोन टेबलापासून दूर ठेवणे, खेळाडूंची आणि कर्मचाऱ्यांची तपासणी, यंत्राच्या उघड्या जागा बंद करणे या त्यापुढच्या साध्या गोष्टी. २०२०मध्ये पोकरगो या वाहिनीने पुनरुज्जीवित केलेला ‘हाय स्टेक्स पोकर’ आधी चित्रित करून मागाहून दाखवला जातो. उशिराच्या लांबीमुळे नियंत्रणकक्षाचा प्रश्न तिथेही आपोआप सुटत नाही, पण खेळाडू मोजके, टेबल बंदिस्त आणि वावर कमी, त्यामुळे माझा जीव तिथे जास्त शांत असतो. त्या बदल्यात ताजेपणा जातो, आणि तिथली गप्पागोष्टींची टेबले हसलरच्या मानाने फिकी वाटतात हेही कबूल केले पाहिजे.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी संबंध बहुतेक वेळा प्रेक्षकाचा असतो. महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा आहे, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद झाले, आणि गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत जाऊन प्रत्यक्ष टेबलावर बसणे एवढाच मार्ग जवळच्यांसाठी उरतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या कार्डरूममध्ये (पत्त्यांच्या परवानाधारक जुगारघरांत) कायदेशीरपणे खेळता येते, आणि लहान रकमांच्या प्रक्षेपित टेबलावर बसण्याची संधी कोणाही हौशी माणसाला मिळू शकते. स्टोन्सच्या टेबलावर हरलेली माणसेही अशीच नोकरी-धंदा करणारी होती. कॅमेऱ्यासमोर बसण्याचा मोह झाला तर आपली पाने त्या क्षणी कोणाला दिसतात, टेबलावर फोनला परवानगी आहे का आणि वाद झाल्यास निर्णय कोण देतो, हे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. उत्तर गुळमुळीत मिळाले तर साध्या, कॅमेरा नसलेल्या टेबलावर बसणे केव्हाही श्रेयस्कर, कारण तिथे आपली पाने वाचणारे यंत्रच कापडाखाली नसते.

कार्यक्रमाच्या मूल्यमापनाकडे परत येतो. चित्रीकरण, समालोचन आणि खेळाडूंची निवड यांसाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापतो तो निष्कारण लांबवलेल्या भागांसाठी आणि टेबलावर ओढूनताणून घडवलेल्या चमकोगिरीसाठी. खेळाच्या शुद्धतेसाठी अडीचच्या वर जाणे मला शक्य नाही, आणि हे अडीचही चौकशी करवून तिचे निष्कर्ष जाहीर केले म्हणून आहेत. पाने कोणत्या क्षणी उघडतात, तोवर ती कोणाला दिसत नाहीत आणि याची तपासणी बाहेरच्या कोणत्या संस्थेने शेवटची केव्हा केली, एवढी माहिती प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पडद्यावर देण्यास दहा सेकंदही लागणार नाहीत. प्रायोजकांच्या नावांना याहून जास्त वेळ मिळतो.

नव्याने पाहू इच्छिणाऱ्याने मे २०२३च्या दहा लाखांच्या खेळापासून सुरुवात करावी; तिथे खेळ, पैसा आणि माणसांचे स्वभाव तिन्ही एकदम दिसतात. गुलाम-चव्वीचा डाव पाहायचाच असेल तर तुकड्यातुकड्यांत फिरणारी चित्रफीत न पाहता त्या रात्रीचा त्याआधीचा खेळही पाहावा, म्हणजे लू यांचे खेळणे आधी कसे होते हे स्वतः ताडून बघता येते. त्यानंतर यूट्यूब आपण होऊन पुढे करील त्या हावभाव आणि नजरा यांच्या विश्लेषणाच्या असंख्य चित्रफिती वगळल्या तरी चालतील. एकाच डावातल्या पापण्यांच्या हालचालींवरून निकाल देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चौकशीचे निष्कर्ष वाचल्याचे त्यांच्या बोलण्यातून दिसत नाही.